ओठ मिटून वाच

१२ फेब्रुवारी

ताई,

मायना चुकला असेल तर समजून घे. शाळेत पत्राचा मायना शिकवला त्या दिवशी मी खिडकीबाहेर होतो आणि बाईंनी खिडकी आतून लावून घेतली होती.

तुझा पत्ता मावशीने दिला. स्वतःच्याच घरात बसून कुजबुजत होती. म्हणाली, ''तिला फोन नको, मेल नको. तिचं सगळं कुणीतरी फोडलंय. कागदावर लिही आणि तिच्या ऑफिसातल्या जुन्या मुद्रितशोधक बाईंच्या घरी पाठव. त्या नेऊन देतात. आणि कुणाला सांगू नकोस हं.'' मी म्हटलं, मावशी, इथे सांगणार कुणाला? नुसत्या बोटी आहेत.

खरंच बोटी आहेत. गोदीत काम लागलंय. बोट पाण्यातून वर ओढतात, उलटी करतात आणि तिच्या पोटाला चिकटलेले शिंपले मी पत्र्याच्या पात्याने खरवडतो. एकेक शिंपला असा काही चिकटलेला असतो की वाटतं, ह्याच्याकडून शिकावं. मी आजवर कुठेच एवढा टिकलो नाही. राहायला दोरखंडाच्या कोठाराच्या वरची खोली आहे. डांबराचा वास येतो, पण वायफाय फुकट. संध्याकाळी जुन्या लॅपटॉपवर खेळतो. आमची टोळी आहे, पाच जणांची. कानाला हेडफोन लावायचा नि एकमेकांच्या नावाने शंख करत समुद्री लढाया करायच्या. दिवसभर खऱ्या बोटी, संध्याकाळी खोट्या. हसू नकोस.

कुठून कुठे गेलो. मुद्दा असा की खेळणाऱ्यांच्या ऑनलाइन कट्ट्यावर मी तुझा फोटो पाहिला. आधी खूश झालो. म्हटलं, आपली ताई गाजली. मग खालचं वाचलं आणि लॅपटॉप मिटून टाकला. तू तुमच्या मासिकात त्या दीपगृहाच्या गेमचं कौतुक लिहिलंस, आणि 'आरसा' नावाच्या कुणीतरी टाकलं की तो गेम बनवणारा आणि तू एकाच घरात राहत होता, मग वाचकांपासून ते लपवलं का? इथवर ठीक. विचारावं माणसाने. पण त्याच्याखाली जे सुरू झालंय ते विचारणं नाही, ताई. ते भलतंच आहे.

मी भांडलो. माझं खातं वापरून सरळ लिहिलं, ती माझी मावसबहीण आहे, तोंड सांभाळा. झालं, मग सगळे माझ्यावर. एकटा 'कासव' म्हणून एक जण तेवढा भला निघाला. खासगीत लिहिलं, ''घरच्या माणसासाठी उभा राहिलास, आवडलं.'' आता तो आमच्या टोळीत आलाय. खेळतो असा की बघत राहावं.

एक विचारू? रागावू नकोस. तो गेम बनवणाऱ्या माणसाला तू खरंच ओळखत होतीस का?

तुझा,
भिंगरी


१९ फेब्रुवारी

भिंगऱ्या,

बाईंनी पत्र भाजीच्या पिशवीच्या तळाशी घालून आणलं. मी आधी पाकीट उजेडात धरलं, मग उलटं करून पाहिलं, मग अक्षर. इतकं वाईट अक्षर दुसऱ्या कुणाला जमणार नाही, म्हणून उघडलं. हल्ली मी अशी झालेय.

तू सरळ विचारलंस, सरळ सांगते. हो, ओळखत होते. आम्ही सहा भाडेकरू एका घरात, स्वयंपाकघर एक. तो स्वयंपाक करायचा, मी भांडी घासायचे. वर्षभर. बाकी जे लोक म्हणतायत ते नव्हतं. असतं तरी त्यावरून कुणी माझ्या आईला छळावं असं होत नाही.

आणि मी लपवलं नाही. परीक्षणाच्या शेवटी मी स्पष्ट ओळ लिहिली होती की या गेमचा कर्ता आणि मी पूर्वी एका घरात भाड्याने राहत होतो, वाचकांनी हे लक्षात घेऊन माझं मत वाचावं. आमच्या धंद्यात ही रीतच आहे. छापून आलं तेव्हा ती ओळ नव्हती. छापून आलेलं मी परत वाचत नाही, ही माझी वाईट सवय. गदारोळ झाला तेव्हा पाहिलं. संपादक म्हणाले, ''तू दिलीच नसशील गं. गडबडीत होतं असं.'' माझी मूळ प्रत मेलमध्ये, आणि मेल मला उघडत नाही.

आमच्याकडे मजकूर दोघांच्या हाताखालून जातो. एक संपादक. दुसरा माझ्या शेजारच्या टेबलावरचा, जो आता माझं पान सांभाळतो आणि मी ऑफिसात होते तोवर समोरून गेले की मान वर करायचा नाही. संपादक निदान आईला फोन करतात. ''काकू, मुलीसारखी आहे मला. कुठे आहे, बरी आहे ना?'' शेजारच्याने एक शब्द विचारलेला नाही. यावरून तूच काय ते समज.

आई डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागताला बसते, माहीत आहे ना? लोक तिथे फोन करून माझ्या मरणाची वेळ ठरवून मागतात. ''डॉक्टरांची नको, मुलीची द्या,'' म्हणतात. ती वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करते आणि फोन ठेवते.

मी जागा बदलली. एका लाँड्रीच्या वर खोली घेतलीय. जमिनीतून वाफ येते, खिडकीसमोर पाण्याची टाकी. दुसऱ्या कुणाला कळता कामा नये.

ताई


२६ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र उघडलं तेव्हा मी टोळीची वाट बघत बसलो होतो. दोघं यायचे होते, म्हणून तोवर पत्र वाचून घेतलं. खेळ सुरू व्हायची वेळ झाली तरी माझं वाचून होईना. कासवाने लिहिलं, ''घाई नाही, होऊ दे सावकाश.'' असा समजूतदार माणूस टोळीत असावा. बाकीचे नुसते 'चल रे, चल रे' करतात.

मावशीचं वाचलं. तो फोन करणारा मला एकदा गोदीत आणून दे. बोटीच्या पोटाला चिकटवतो.

मला शेजारच्या टेबलावरचाच संशय येतोय. मागे मी तुझ्या ऑफिसात आलो होतो, आठवतं? संपादक किती हसून बोलले. ''काय रे, तूही खेळतोस? चांगला खेळतोस की ताईसारखा?'' म्हणाले आणि कुठल्यातरी गेमचा टी-शर्ट दिला. तो मी अजून घालतो, फक्त काखेत फाटलाय. आणि तो शेजारचा? हातातल्या पेन्सिलीला टोक करत बसला होता. पेन्सिल कोण वापरतं आजच्या काळात? गेमच्या ऑफिसात? मला तेव्हाच कसंतरी वाटलं होतं. म्हणजे आता वाटतंय की तेव्हा वाटलं होतं.

कासवाची एक गंमत सांगतो. आमच्या समुद्री खेळात परवा त्याने तीन शिडांची काळी बोट काढली. आम्ही सगळे थक्क. ती बोट अजून बाजारात आलेलीच नाही, पुढच्या भागात यायचीय. मी विचारलं, कुठून रे? तर म्हणे, ओळखी असतात. मला एक फेरी चालवू दिली. काय सांगू, वळते अशी की पाणीसुद्धा बाजूला होतं. तो बोलत मात्र नाही, नुसतं टाइप करतो. घरात कुणी आजारी आहे, आवाज चालत नाही म्हणाला. बिचारा.

वाफेच्या खोलीत जपून राहा. कपडे तरी फुकट इस्त्री होत असतील.

भिंगरी


६ मार्च

भिंगरी,

कट्ट्यावर 'आरसा'ने लिहिलंय की मी लाँड्रीच्या वर राहते आणि खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. मी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर ते वाचलं आणि तिथून परत खोलीवर गेलेच नाही. सामान बाईंनी हळूहळू आणलं.

लाँड्रीचं तीन माणसांना ठाऊक होतं. आईला, बाईंना आणि तुला.

आता नवी जागा आहे. खाली फुलांचं दुकान. सकाळी मी तिथे गुच्छ बांधायला मदत करते, देठ कापून हात हिरवे झालेत. केस अगदी बारीक करून टाकलेत. बस, एवढंच.

ताई


१३ मार्च

ताई,

वाईट बातमी. आधी बस खाली.

कट्ट्यावर फुलांचं आलंय. आरशाने टाकलंय, ''बाई आता केस कापून फुलं विकतायत, प्रामाणिकपणाचा सुगंध घ्या.'' त्याखाली लोक त्या भागातल्या फुलांच्या दुकानांचे फोटो टाकतायत. हे की ते, हे की ते, असा खेळच मांडलाय. मी वाचलं आणि हातातलं पातं बोटीत रुतवून बसलो. मुकादम म्हणाला, ''ती बोट दुरुस्त करायला आणलीय की बुडवायला?''

मी शांतपणे विचार केला. मला जमतो तेवढा. मावशी सांगणार नाही. मी सांगणार नाही. उरलं कोण? त्या बाई! तू म्हणशील, त्या किती चांगल्या आहेत. पण ताई, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेलं माणूस. घरी बसून कंटाळा येत असेल. शिवाय सगळी पत्रं त्यांच्याच हातून जातात. वाफेवर पाकीट उघडता येतं, मी स्वतः उघडलंय. शाळेचं होतं, बाबांच्या नावाने आलेलं.

कासवालाही मी विचारलं, म्हणजे तुझं नाव न घेता. त्याने लिहिलं, ''जवळच्या माणसावर कुणी संशय घेत नाही, तिथेच फसतात लोक.'' किती खरं आहे!

बाईंच्या घरून पत्रं घेणं बंद कर.

भिंगरी


१८ मार्च

फुलांचं दुकान नाही. मी कुठेच गुच्छ बांधत नाही. माझे केस आहेत तसेच आहेत.

ते मी फक्त तुला लिहिलं होतं. आईला नाही, बाईंना नाही. पाकीट मी स्वतः चिकटवलं, स्वतः पेटीत टाकलं.

पण दोन गल्ल्या पलीकडे खरंच एक फुलांचं दुकान आहे. एक बाई चालवते. तिच्याकडे माझ्या नावाने पुष्पचक्रांच्या मागण्या आल्या, ढीगभर. बिचारीला वाटलं, कुठे मोठा अपघात झालाय. चक्रं करून ठेवली, न्यायला कुणी आलं नाही, आणि वर फोनवर घाणेरडं ऐकून घ्यावं लागलं. मी तिथे जाऊन उभी राहिले. का आले ते सांगता येईना. एक चक्र विकत घेतलं आणि निघाले.

लहानपणी एका कंट्रोलरवर आपण दोघं खेळायचो. तू हरायला लागलास की वायर ओढायचास. मला वाटलं होतं, तुझी लबाडी तेवढीच.

किती दिवस त्यांच्यात आहेस ते मला सांगू नकोस. काहीच लिहू नकोस.


२४ मार्च

ताई,

लिहू नकोस म्हणालीस तरी लिहितोय. बाईंना विनंती आहे की हे तिला वाचायला लावा. तुमच्याबद्दल मागच्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेतो. वाफेचं खरं होतं, पण ते माझं मी केलं होतं.

ताई, माझ्या नावाने तू काहीही म्हण. मी कुठे टिकत नाही, शाळा सोडली, मावशीची सायकल दुसऱ्या गावी विसरून आलो. पण हे मी नाही केलं. पोलिसांनी विचारलं तर जसं सांगेन तसं सांगतो, सगळं, काही न गाळता.

पत्र येतं ते कामावर असताना. मुकादम ते खिळ्याला अडकवून ठेवतो. पाकीट बंदच असतं, मी बघतो. संध्याकाळी हात धुतो, कारण डांबर लागतं. वर खोलीत येतो, दार लावतो. खोलीत मी एकटा. लॅपटॉप सुरू करतो, हेडफोन घालतो, टोळी जमेपर्यंत पत्र उघडतो. मग वाचतो. पटकन वाचून होत नाही, तुला माहीतच आहे, अक्षरांना आवाज दिला नाही तर ती माझ्यापुढे उभीच राहत नाहीत. तुझं पत्र मी दोनदा वाचतो. पहिल्यांदा शब्द कळतात, दुसऱ्यांदा तू कळतेस. टोळीतले कंटाळून दुसरीकडे जातात, कासव तेवढा थांबतो. मग पत्र मी गादीखाली ठेवतो. गादीखालून एकही हललेलं नाही, आत्ता बघितलं.

झालं. ह्यात मी कुणाला सांगितलं कुठे? एका माणसाशी तुझ्या पत्त्याबद्दल अवाक्षर बोललो असलो तर ही जीभ झडो.

तू फुलं खोटी लिहिलीस, ह्याचा मला राग आलाय. खूप आलाय. सापळा उंदरासाठी लावतात.

भिंगरी


१ एप्रिल

(हा कागद आधी. ओठ मिटून वाच. लॅपटॉप बंद कर, वायर भिंतीतून उपट, खाली धक्क्यावर जा आणि मग वाच. तोंडातून आवाज निघाला तर पत्र पाण्यात पडलं तरी चालेल.)

भिंगऱ्या,

तुझं पत्र मी बघणार नव्हते. बाई समोर खुर्ची ओढून बसल्या आणि स्वतः वाचायला लागल्या. मोठ्यानं. ''अक्षरांना आवाज दिला नाही तर'' इथे आल्या आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

वेड्या, तुझ्या कानाला हेडफोन होता. त्याला पुढे माइक असतो.

मला आधीच सुचायला हवं होतं. ओट्यावर बसून तू धडा वाचायचास तर शेजारच्या काकूंना तो तुझ्याआधी पाठ व्हायचा. लाँड्री, वाफ, टाकी, फुलं, केस, सगळं तू एका अनोळखी माणसाच्या कानात वाचून दाखवलंस. दोन-दोनदा. तो थांबायचा तो उगीच नाही, ऐकलेलं सगळं आरशाला पुरवायचा.

आता कासवाचं. तुझी ती काळी, तीन शिडांची बोट. पुढचा भाग बाजारात यायच्या आधी तो परीक्षणासाठी आमच्याकडे येतो, आणि कुणाला दाखवायचा नाही असं लिहून द्यावं लागतं. आमच्या ऑफिसात तो दोघांनाच मिळाला होता. संपादकांना आणि शेजारच्या टेबलाला. म्हणजे कासव त्या दोघांपैकीच एक. आणि तो बोलत नाही, कारण आवाज तू ओळखशील. संपादकांशी तू बोलला आहेस. शेजारच्याचा आवाज ऐकला होतास का, आठवून बघ.

हे असं कुणी का करेल? ज्याने माझी ओळ कापली, त्याला मी दोषी राहायला हवीय. मी घाबरून पळत राहिले, राजीनामा दिला, की विषय संपला. मग ओळ कुठे गेली हे कोण विचारतंय?

म्हणून आता एक नाटक कर. याच्यासोबत दुसरा कागद आहे. तो संध्याकाळी, हेडफोन लावून, कासव आल्यावर, नेहमीसारखा वाच. अडखळत. अडखळायला तुला शिकवायला नको.

बाई म्हणाल्या, ''मी सांगते ना, वाचली होती ओळ म्हणून. खोटं तर खोटं.'' मी नको म्हटलं. त्यांनी फक्त दार उघडायचं आणि कोण आलं ते बघायचं.

माझा राग अजून गेलेला नाही. पण आता तो तुझ्यावर नाही.

ताई

(दुसरा कागद)

भिंगऱ्या, माफ कर, उगाच तुझ्यावर संशय घेतला. आता जरा आशा वाटतेय. माझं परीक्षण देण्याआधी मी ते आपल्या जुन्या मुद्रितशोधक बाईंना दाखवलं होतं, हे मी विसरूनच गेले होते. त्यांना ती शेवटची ओळ शब्दन्‌शब्द आठवतेय. येत्या सोमवारी त्या मालकांना भेटून सांगणार आहेत. तोवर कुणाला बोलू नकोस. ताई


९ एप्रिल

ताई,

हे मी ओठ मिटून लिहितोय. लिहितानाही आवाज निघतो, आजच कळलं.

तुझा पहिला कागद धक्क्यावर बसून वाचला. जिभेला दातांत धरून. वाचून झाल्यावर थोडा वेळ मला माझ्या कानांची लाज वाटली, मग तोंडाची. तुझी लाँड्री मी विकली, ताई. आणि तीही फुकट.

मग नाटक. कासव आला. ''आज पत्र आलं का?'' असं त्यानेच विचारलं. आधीही तो हेच विचारायचा, आणि मला वाटायचं, काय आपुलकी! मी पाकीट मुद्दाम माइकजवळ फाडलं. वाचायला लागलो तर ओळच सापडेना, म्हणून अडखळणं एकदम खरं झालं. 'शब्दन्‌शब्द' म्हणताना तर तीनदा घसरलो.

आणि पहिल्यांदाच असं झालं की कासव थांबला नाही. मी दुसऱ्यांदा वाचायला सुरुवात केली तर त्याने लिहिलं, ''कोण बाई?'' मी म्हटलं, असतील कुणी. मग लिहिलं, ''काम आहे,'' आणि खेळ सुरू व्हायच्या आत गेला. काळी बोट तशीच बंदरात सोडून. टोळीतले म्हणाले, ''ह्याला काय झालं?'' मी म्हटलं, घरात आजारी माणूस आहे ना. बोलताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

तू विचारलं होतंस. शेजारच्याचा आवाज मी ऐकलेला नाही. तो पेन्सिलीला टोक करत होता. माझ्याशी फक्त संपादक बोलले होते. मला आता तो टी-शर्ट घालवत नाही. बोटीचा तळ पुसायला घेतला.

लवकर कळव. मला कामात लक्ष लागत नाही, कालच एका चांगल्या बोटीचा रंग खरवडला.

भिंगरी


२० एप्रिल

भिंगऱ्या,

रविवारी सकाळी बाईंच्या दाराची बेल वाजली. मी आतल्या खोलीत, पडद्यामागे. मला आवाजावरून कळलं. ''काय बाई, ओळखलंत का? किती दिवसांनी!'' संपादक. हातात फुलं होती, नंतर बघितली. त्या माणसाला फुलंच सुचली.

बाईंनी चहा ठेवला आणि विणकाम घेऊन बसल्या. एक शब्द विचारला नाही. गप्प बसलेल्या म्हाताऱ्या माणसापुढे लोक फार बोलतात. तब्येत झाली, हवा झाली, मग तो म्हणाला, ''तुम्ही उद्या मालकांकडे जाताय असं कानावर आलं.''

''कुणाच्या?'' बाई म्हणाल्या.

''असंच. ऑफिसात बोलत होते.''

बाईंच्या सुया चालूच.

''हे बघा, एका ओळीचं केवढं करायचं? जागा नव्हती, मी कापली. रोज कापतो आपण. तेव्हा कुणाला ठाऊक होतं एवढं पेटेल? आता मी उठून सांगितलं तर मी जाईन, पान जाईल, दहा माणसं घरी बसतील. तिचं काय, पोरगी हुशार आहे, कुठेही मिळेल तिला.''

मी पडद्यामागे उभी होते. इतके दिवस मी दार उघडताना, पाकीट उघडताना, जिन्यात पावलं वाजली की ज्या माणसाला शोधत होते, तो चहात साखर ढवळत होता. आईला 'काकू' म्हणणारा. मी शेजारच्या टेबलाला मनातल्या मनात कितीदा सुळावर चढवलं होतं.

मी बाहेर आले नाही. आतूनच म्हटलं, ''कासवा, चहा गार होतोय.''

त्याने वळून पाहिलं. नावावरून वळला, भिंगऱ्या. मग आपण कशाला वळलो ते त्याच्या लक्षात आलं आणि चमचा बशीत पडला. बाई म्हणाल्या, ''हे मी मालकांना सांगेन. हे मी पाहिलंय.''

''मी त्या लोकांना आवरतच होतो,'' तो म्हणाला. ''त्यांना काहीतरी द्यावं लागतं गं, नाहीतर आणखी बिघडतात.'' माझी खोली त्यांना दिली, ते त्याच्या मते आवरणं होतं.

सोमवारी आम्ही दोघी गेलो. शेजारच्या टेबलावरचा जिन्यातच भेटला. मान खाली. म्हणाला, ''मी ती ओळ पाहिली होती. नोकरीची भीती वाटली. तुझ्याकडे बघवत नव्हतं मला.'' मी पुढची पायरी चढले. पण तो वर आमच्याबरोबर आला आणि बोलला. संपादक सध्या 'रजेवर' आहेत. मासिकाच्या साइटवर माझ्या परीक्षणाखाली बारीक अक्षरांत दोन ओळी आल्यात. माझी ओळ परत लागली. मी कामावर परत गेले नाही. छापून आलेलं वाचायचं नाही ही सवय माझी होती, तेवढं मीही लिहून दिलं, माझ्या नावाने.

तुला वाटेल, कट्टा शांत झाला. खबर मिळेनाशी झाली तसा आरसा गेला, पण बाकीच्यांना आरसा लागत नाही. ते म्हणाले, हेही ठरवूनच. मग दुसरी एक मुलगी सापडली, तिकडे वळले. मी तिला कागदावर पत्र लिहिलंय. उत्तर नाही. तीही पाकीट उजेडात धरून बघत असेल.

पुष्पचक्र अजून माझ्याकडे आहे, सुकलं. त्या फुलवाल्या बाईंना मी आता खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, ''गुच्छ बांधता येतात का?'' येत नाहीत. शिकतेय. खोटं लिहिलेलं असं अंगाशी येतं.

आता तुझं. पत्रं पुरेत. ये. बोटी काही पळून जात नाहीत आणि तू एरवीही कुठे टिकतोस. पत्ता पाकिटाच्या आतल्या बाजूला लिहिलाय. पाकीट फाडू नकोस, चिरून उघड. तिसरा मजला, डावीकडचं दार.

पण बेल वाजवू नकोस. दारावर थापही नको. बेल वाजली की मी अजून श्वास धरून बसते, आतून 'कोण' म्हणत नाही, आणि आई आली तरी तिला जिन्यात ताटकळत ठेवते. कुणी 'मी आहे' म्हटलं तरी मला पटत नाही. 'मी' कुणीही म्हणतं.

म्हणून हे पत्र बरोबर घेऊन ये. जिन्यात उभा राहा आणि पहिल्यापासून वाच. मोठ्यानं. तुझ्यासारखं, अडखळत, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. शेजाऱ्यांना काय वाटायचं ते वाटू दे. मी दाराच्या आत बसून ऐकत असेन. तसं वाचणं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

इथपर्यंत आलास की थांब. कडी काढतेय.

ताई